मापं

सुलक्षा, परवा स्टाफरूमच्या दाराशी
तू हळूच विचारलंस, "फार दुखतं का हो, बाई?"
तेवढ्यात घंटा झाली.
मी म्हटलं, "नाही गं."
खोटं बोलले.

दुखतं ते आधीच. वीसेक वर्षं.
खांद्यांवर पट्ट्यांनी पाडलेल्या पन्हळी,
बोट आडवं ठेवलं तर मावेल एवढ्या.
मे महिन्यात खालची कातडी सोलवटते,
तिथे सुती रुमालाची घडी.
डिचोली-पणजी कदंबात पर्स छातीशी.
हे तुला काय सांगायचं,
तूही तशीच धरतेस.

चौदाव्या वर्षी चवथीला, मयेच्या घरी,
माटोळीखाली फुगडी घालताना मागून कुणीतरी हसलं.
पुढच्या वर्षी मी भिंतीला टेकून गाणी म्हणायला बसले.
घरात ठरलं : हिचा आवाज चांगला आहे.

बांबोळीला नेवरेकर डॉक्टरीणबाईंनी
मला उभं केलं, जांभळ्या पेनने रेघा मारल्या
आमच्या रेमेदियुश शिंप्याच्या खडूसारख्या.
"श्वास सोडा. खांदे पाडा."
एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी तिकडे बघत होतं
आणि मी कुठे बघू, हा प्रश्न नव्हता.
त्यांनी सांगितलं, जाणीव जाईल, परत येईल,
कदाचित नाही येणार.
पुढे मूल झालं तर दूध येईलच असं नाही.
माझं एक झालंय, दहावीला आहे.
तुझं तसं नाही. तू हे दोनदा विचार त्यांना.

शुद्ध आली तेव्हा घसा कोरडा,
दोन्ही कुशींतून दोन नळ्या, टोकाला दोन बाटल्या,
आत पातळ कोकमासारखं काहीतरी.
सिस्टर एस्पेरान्सा सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायची :
पन्नास. तीस. बारा.
मग नळी ओढली.
कातडीखालून गांडूळ सरकावं तसं,
दुखत नाही, पण विसरतही नाही.

मी तिला विचारलं, किती निघालं?
ती म्हणाली, सगळ्या हेच विचारतात.
डावं सातशे वीस. उजवं आठशे दहा.
दीड किलोच्या वर!
म्हापशाच्या बाजारात एवढा इसवण
आमच्या घरी दोन दिवस पुरतो.
हसले, आणि टाके ओढले गेले.
हसणं दोन आठवडे बंद, लिहून ठेव.
उताणं झोपायचं. कळशी, मूल, वह्यांचा गठ्ठा
दीड महिना उचलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी रडू येतं.
ह्यांनी डब्यातून पेज आणली होती,
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
मी रडले त्या दीड किलोसाठी,
ज्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या.

डाव्या बाजूला, तिन्ही रेघा मिळतात तिथे,
टाका उसवला. महिनाभर ड्रेसिंग.
हे कुणी आधी नीट सांगत नाही, म्हणून सांगते.
"व्रण नांगरासारखा दिसेल," बाई म्हणाल्या होत्या,
मला शेतातला वाटला.
"छे हो, होडीचा."
आता आहे तसा. गुलाबी, थोडा वाकडा.
उजवीकडे अजून एक रुपयाएवढी जागा
गरम पाणी ओळखत नाही.

आणि हो, पाठ.
पाचव्या दिवशी संडासला उठले
तेव्हा मागून कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं झालं.
वळून बघितलं, सुलक्षा. खरंच वळून बघितलं.

श्रावणात रेमेदियुशकडे गेले.
त्याने वही काढली, माझ्या नावापुढचा आकडा बघितला,
टेप लावली. परत लावली.
चष्मा पुसला.
जुना आकडा खोडून नवा लिहिला,
"गुरुवारी या," एवढंच म्हणाला.
लोकांनी माझी मापं काढली जन्मभर,
त्याने माप घेतलं.

कापड नेहमीएवढंच नेलं होतं, सवयीनं.
वीतभर उरलं.
माझ्या डब्याला गुंडाळलेलं असतं बघ,
निळं, बुट्ट्यांचं,
ते.